लिबर्टी म्हणजे मुभा

रोहिणखेडला आमच्या शेजारी राहणाऱ्या खालांचा मुलगा आखाती देशात एसी दुरुस्तीचं काम करायचा. मागच्या वर्षी त्याला तिथल्या पोलिसांनी धरलं. खोलीवरच्या सोबत्यानं फोनवर सांगितलं, की तिथं त्याच्यावर गुन्हाच नाही. तुमच्याच सरकारच्या सांगण्यावरून ठेवलाय, असं तिथले साहेब म्हणतात. का, ते कोणी सांगेना. म्हणून खालांनी नागपूरला हायकोर्टात अर्ज केला. धरायला आमच्या सरकारनं सांगितलं असेल, तर कारणही आमच्याच कोर्टापुढं सांगावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आदेश वकिलांनी मोबाईलवर पाठवला. इंग्रजीत, दोन पानं. खाला थेट आमच्या ओट्यावर आल्या. "तू कालेजात जातं, वाचून सांग," म्हणाल्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई-बाबा, गल्लीतल्या बाया, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. अर्ध्याहून जास्त मला कळलं नव्हतं. पण शेवटी एक शब्द ओळखीचा निघाला, लिबर्टी. शाळेत पाठ केलेला : लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्य. मी सांगून टाकलं, कोर्टानं त्याला मोकळं केलं.

खाला रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताडपत्री काढून मुलाची मोटारसायकल धुतली, बॅटरी चार्जिंगला पाठवली. वकिलांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी सांगितलं होतं ना.

तीन आठवड्यांनी मोताळ्याला कॉलेजात सरांना तो आदेश दाखवला. खरं सांगायचं तर शाबासकीसाठी. सर म्हणाले, "अगं, ॲट लिबर्टी म्हणजे मुभा."

मुभा मुलाला नव्हती, खालांना होती. चार आठवड्यांत दिल्लीला सरकारकडे अर्ज करून अटकेचं कारण मागायची, आणि ते मिळालं नाही तर पुन्हा कोर्टात यायची. सात दिवस उरले होते.

त्यातले तीन मी गप्प राहून घालवले. मागच्या गल्लीनं जायचे. एकदा खाला समोर आल्याच. "कागदपत्राले टाइम लागत असन न?" त्यांनी विचारलं. मी "हाव" म्हटलं. आदेश चुकीचा वाचला याच्यापेक्षा त्या "हाव"ची मला जास्त लाज वाटते.

चौथ्या दिवशी सांगितलं. खाला म्हणाल्या, "तुले समजलं नव्हतं, त तसंच सांगाचं होतं बेटा. मी दुसऱ्याले विचारलं असतं."

वकिलांनी अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी पाठवला. कारण अजून कळलेलं नाही. मोटारसायकलवर ताडपत्री पुन्हा चढली आहे.

मागच्या आठवड्यात दिल्लीहून एक पत्र आलं, तेही इंग्रजीत. खाला ते घेऊन माझ्याकडेच आल्या. बाबा समोर बसले होते. मी मोठ्यानं वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला अडले.

"खाला, हे मले नाही समजत," मी म्हटलं, आणि वकिलांना फोन लावला.