टेलर मास्तरांचे नक्षीदार शेल्फ

सबंध गल्ली ज्यांना टेलर मास्तर म्हणत असे, त्यांच्या दुकानात चूक नेहमी गिऱ्हाईकाची असे. पॅन्ट घट्ट झाली, तर गिऱ्हाईकाचे पोट सुटलेले असे. बाही आखूड झाली, तर ते माप देताना हात आखडून उभे राहिलेले असे. अशा या मास्तरांनी एकदा घरात लाकूडकाम काढले.

त्याचे असे झाले. मास्तरीणबाईंना चांगले कप मांडण्यासाठी भिंतीवर शोभेचे शेल्फ हवे होते. त्यांचा धाकटा भाऊ सुतार होता आणि एका दिवसात करून देतो म्हणत होता. परंतु मेहुण्याच्या हातचे शेल्फ उठता-बसता पाहावे लागणार, हे मास्तरांना सोसवेना. "कापड काय नि लाकूड काय, माप कळलं की झालं," असे त्यांनी मेहुण्याला ऐकवले आणि रविवारी चहाला येऊन बघून जा, असेही सांगून टाकले.

खिडकी आणि कपाट यांमधील जागा त्यांनी गळ्यातल्या टेपने तीनदा मोजली. फळीच्या दोन्ही टोकांना कॉलरच्या कागदी नमुन्यावरून खडूने गोल वळसे आखले, करवतीने कापले आणि कडा घासून इतक्या गुळगुळीत केल्या, की मास्तरीणबाईंनी त्यांवरून दोनदा हात फिरवला.

शनिवारी फळी भिंतीशी धरली, तर ती जागेत मावेना. दोन्हीकडे इंच-इंच जास्त. मास्तर बराच वेळ टेपकडे बघत राहिले, तेव्हा ध्यानात आले. कापड बेतताना शिवणीत दुमडण्यासाठी इंचभर माया सोडतात, तशी त्यांनी सवयीने लाकडालाही सोडली होती. आता कापावे, तर दोन्ही वळसे जाणार.

भिंत आटलेली दिसते, असे त्यांनी गंभीरपणे जाहीर केले.

मास्तरीणबाईंनी वाद घातला नाही. समोरच्या मोकळ्या भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून त्यांनी शेल्फ तेथे लावायला सांगितले. भावाचे मी बघते, तुम्ही फक्त गप्प बसा, अशी ताकीदही दिली.

रविवारी मेहुण्याने फळी हलवून पाहिली, वाकून खालून पाहिली. खोड काढण्याजोगे काही सापडेना, तसा तो हिरमुसला.

"इथे लावायचं कुणी ठरवलं?" त्याने विचारले.

"मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दारातून आलं की समोर दिसतं."

"वा ताई, निम्मी शोभा जागेचीच आहे. भाऊजींनी काय, तू दाखवलंस तिथे ठोकलं."

मास्तरांचा कप ओठांपाशी थांबला. आपल्या कामाची निम्मी शोभा बायकोच्या नावावर जमा होताना त्यांना बघवेना.

"तिने कशाचं ठरवलं? मी खिडकीजवळच्या जागेसाठी केलं होतं. दोन इंच वाढलं म्हणून इकडे आणलं."

मेहुण्याने बशी अलगद खाली ठेवली. हे दोन इंच नेमके कसे वाढले, ते त्याने अत्यंत आदराने, पुन्हा पुन्हा विचारून घेतले. चहाला आलेला तो जेवूनच गेला. मास्तरीणबाईंनी भावाला आग्रह करकरून वाढले; मास्तरांना आपले ताट आपणच वाढून घ्यावे लागले.