तेहतीस जिल्ह्यांचं राज्य

पडदा वर जातो.

डावीकडे महामार्ग, लाखनीहून साकोलीकडे जाणारा. उजवीकडे भूपेंद्रचं पंक्चरचं दुकान, पत्र्याचं छत आणि दारात टायरांची उतरंड. मागे धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या आणि त्यापलीकडे तळ्याची पाळ. मधोमध एका बाकावर कानाला मफलर गुंडाळलेला म्हातारा माणूस बसला आहे आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकची नंबरप्लेट वाचतो आहे.

हे पुंडलिकराव. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचे गुरुजी, गेल्या मे महिन्यात निवृत्त झालेले. त्याच्याही आधी, आमच्या तरुणपणी, झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की ते आमच्या कंपनीचे प्रॉम्प्टर असायचे. मी राजा, ते विंगेत वही धरून बसलेले. अकरा हंगाम त्यांनी मला वाक्यं पुरवली. मी विसरलो आणि लोकांना कळलं, असं एकदाही झालं नाही. टाळ्या मला मिळायच्या, आणि ते विंगेतच शांतपणे वही मिटायचे. माझं नाव वेगळं असलं तरी ते अजून मला ‘राजे’ म्हणतात.

शाळेत मात्र त्यांनी पाठांतर बंद केलं होतं. चौथीच्या भूगोलाला त्यांची एक रीत होती. जूनमध्ये चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येक पोराच्या वाट्याला एक राज्य. मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्यांना घेऊन या बाकावर यायचं. ज्याचं जे राज्य, त्यानं त्या राज्याच्या गाडीची वाट पाहायची. ट्रक हवा भरायला थांबला की ड्रायव्हरला विचारायचं, तुमच्याकडे काय पिकतं, घरं कशाची, भाजीला काय म्हणता. पुस्तकातलं पुस्तकात तपासायचं, बाकीचं वहीत लिहायचं आणि जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी गावापुढे उभं राहून सांगायचं.

छत्तीसगड मिळालेल्याची मजा असायची. “सर, माहं तर दर पाच मिनिटाले येऊन राहिलं,” असं सांगत गोलू सगळ्यांना चिडवायचा. बंगालच्या डिंपलला एका सरदारजीनं पेढा दिला, तेव्हा गोलूनं तिला बजावलं, “बंगालची मिठाई पंजाब्याकडून खाल्ली, तुहे मार्क कटनार!”

उर्वशीला तेलंगणा आलं. तेलंगणाची गाडी या रस्त्याला क्वचित. ती सहा शनिवार नुसती बसून राहिली.

इथं मला एक सांगायला हवं, जे पुंडलिकरावांनी फक्त मला सांगितलं होतं. उर्वशीची चिठ्ठी निघाली नव्हती, काढली होती. तिचे आईबाप, देवाजी आणि रेणू, धान झाला की दर वर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात. उर्वशी मागे आजीजवळ राहायची, म्हणून शाळेत टिकली. दसऱ्याला मालनबाई, म्हणजे तीच आजी, गेली. आता पोर ठेवायची कुणाजवळ? पुंडलिकराव देवाजीकडे गेले आणि म्हणाले, माझ्या घरी ठेव, बायको कुंताबाई दोन घास तिलाही वाढेल. देवाजी म्हणाला, “पाहू जी.” आमच्याकडे ‘पाहू जी’चा अर्थ नाही असाच असतो, पण त्यात थोडी जागा असते.

त्या थोड्या जागेसाठी गुरुजींनी जूनमधल्या चिठ्ठ्यांचा डबा दिवाळीनंतर पुन्हा काढला, राज्यं बदलली. “राजे, बाप समोर बसन,” ते मला म्हणाले, “अन् पोरगी इथं उभी राहून सारा तेलंगणा सांगन. मग त्याले समजन, की जे इथं बसून समजते त्याच्यासाठी पोरीले तिथं नेवाचं काम नाई.”

मला ते पटलं. नाटकवाल्याला असलं काहीही पटतं. माझ्याकडे कंपनीचा एक जुना रंगवलेला पडदा होता, नदी आणि जंगलाचा. तो मी शाळेच्या व्हरांड्यात लावायला दिला.

सातव्या शनिवारी टीएसची, म्हणजे तेलंगणाच्या नंबरप्लेटची, गाडी आली. टायरच फाटला होता, त्यामुळे ड्रायव्हर दोन तास अडकला. उर्वशी त्याच्यासमोर बसली ती उठेचना. तो तोडकीमोडकी हिंदी बोलत होता, ही लिहून घेत होती. भूपेंद्र म्हणाला, “बापा, इतके प्रश्न तर आरटीओवाला नाई विचारत!”

जानेवारीतला तो शनिवार. सतरंजीवर देवाजीच्या शेजारी मी बसलो होतो, रेणू बायकांच्या बाजूला होती. पुंडलिकराव सवयीनं पडद्याआड, हातात पोरांच्या मजकुराची वही. गोलूनं छत्तीसगड उरकलं, डिंपलनं बंगाल. मग उर्वशी आली. गोदावरी सांगितली, मातीचा रंग सांगितला, मिरचीचं रोप कधी लावतात ते सांगितलं. तेहतीस जिल्ह्यांची नावं बोटांवर मोजत एका दमात म्हटली. पडद्याआडून एक शब्द आला नाही, गरजच पडली नाही.

मला वाटलं संपलं. मी टाळीला हात उचलले. तर ती थांबली, पहिल्यांदा आईकडे पाहिलं आणि म्हणाली, “आता तिथली भाषा.”

“अम्मकि ज्वरम. म्हणजे, माह्या मायले ताप आहे.”

“डॉक्टर एक्कडा? म्हणजे, डॉक्टर कुठं आहे?”

“तल नोप्पी. डोकं दुखते. नीळ्ळु. पाणी पाह्यजे.”

हे वहीत नव्हतं. मी तिरप्या जागेवर बसलो होतो, मला विंग दिसत होती. पुंडलिकरावांनी एक पान उलटलं, मग दुसरं, मग वही खाली ठेवली.

सगळ्यात मोठी टाळी माझी होती. ती मी आजही परत घ्यायला तयार आहे.

देवाजीचे डोळे भरले होते. कार्यक्रम संपताच तो पडद्यामागे गेला आणि गुरुजींच्या पाया पडला. “मागच्या साली हिची माय तापानं फनफनली होती जी. दवाखान्यात नेलो, तर कुठं दुखते तेबी सांगता नाई आलं. डाक्टर इचारे, आमी नुसते पाहो. आता घरचंच मानूस झालं बोलनारं. तुमचे उपकार झाले.”

“देवाजी, अरे मी तिले इथं ठेवाले शिकवलो. नेवाले नाई.”

“हाव जी, समजते मले. पन हिच्या मायकडं पाहा.”

पुंडलिकरावांनी रेणूकडे पाहिलं. ती लेकीला जवळ घेऊन तिच्याकडून शब्द घोकून घेत होती. ती चार महिन्यांत पहिल्यांदाच हसत असावी. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवणारा माणूस तिथं रिकामा उभा होता, आणि मीही त्याला एक वाक्य देऊ शकलो नाही.

शिवरात्र झाली आणि देवळाजवळून मजुरांची गाडी निघाली. उर्वशी मागच्या बाजूला, पोत्यांवर बसली होती. गुरुजींनी तिला चौथीची पुस्तकं बांधून दिली. ती म्हणाली, “सर, मी वापस येतो नं. आंध्र कोनाले देऊ नका, पुढं मले पाह्यजे.”

एप्रिलात बाकीची माणसं परतली. देवाजीचं घर बंदच राहिलं. कुणी म्हणालं मिरचीनंतर ते कापसाच्या जिनिंगला लागले, कुणी म्हणालं आणखी खाली गेले. पोरगी दुभाष्याचं काम करते, मुकादम तिला सोडत नाही, असंही ऐकलं. खरं काय ते माहीत नाही, देवाजीचा फोन लागत नाही. मे महिन्यात पुंडलिकराव निवृत्त झाले. नव्या बाई चांगल्या आहेत, पण पोरांना घेऊन रस्त्यावर येत नाहीत. पटावर आता पाच पोरं आहेत.

म्हणून हे बाकावर. रोज सकाळी येतात, टीएसची गाडी थांबली की उठतात आणि विचारतात, देवाजी म्हणून एक मजूर, दहा वर्षांची मुलगी, तेलुगू बोलते. ड्रायव्हर मान हलवतो, हवा भरतो, निघून जातो.

परवा मी त्यांच्याजवळ बसलो होतो. अशीच एक गाडी थांबली आणि गेली. मला राहवलं नाही. म्हटलं, “पुंडलिकराव, केवढा मोठा मुलूख तो. एका ड्रायव्हरला एक पोर कुठून माहीत असणार?”

त्यांनी मफलर कानावर ओढला. नजर रस्त्यावरच होती.

“मले नोका सांगू राजे, केवढा आहे ते. तेहतीस जिल्हे. पोरीनं एकबी चुकवला नाई.”