धनुर्विद्येचं वर्ष आणि गड्डम सर

शाळेत किस्से जमवावे लागत नाहीत. खडूच्या धुळीसारखे ते आपोआप साचतात आणि साडी झटकली तरी घरापर्यंत येतात. आमचे मिस्टर म्हणतात, "तू तिथं शिकवायला जातेस की नाटक बघायला?" मी म्हणते, पगार शिकवण्याचा, नाटक फुकट! चोवीस वर्षं मी सोलापुरात एकाच शाळेत गणित शिकवतेय. पण मागच्या एका वर्षात जे साचलं, ते आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून साचलं नसेल.

त्याचं झालं असं. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, पुण्याला तीन दिवस ट्रेनिंगला गेल्या आणि येताना एक फाइल, एक कापडी पिशवी आणि एक कल्पना घेऊन आल्या. पिशवी आम्हाला परवडली असती. कल्पना अशी, की वर्षभर एकच थीम घ्यायची आणि सगळे विषय तिच्यातूनच शिकवायचे. मीटिंगमध्ये बाईंनी विचारलं, "बोला, कोणती थीम?" जो तो वहीत तारीख लिहायला लागला. मग बाईंची नजर स्टाफरूमच्या कपाटावर गेली. तिथं क्रीडाशिक्षक गड्डम सरांचं जुनं बांबूचं धनुष्य दोन-चार बाणांसकट कित्येक वर्षं पडलेलं होतं.

"ठरलं!" बाई म्हणाल्या. "आर्चरी!"

गड्डम सर विणकरांच्या घरातले. तरुणपणी युनिव्हर्सिटीकडून तिरंदाजी खेळलेले आणि वर्षाअखेरीस, मे महिन्यात, रिटायर होणारे. मीटिंग संपल्यावर त्यांनी मला जिन्यातच थांबवलं. "बाई, तीस वर्षं झाली हितं. कवायत घेतलो, लेझीम घेतलो, रांगा लावलो. माझा खरा खेळ मात्र एकदा पण शिकवलो नाही. आता जायच्या आधी प्रत्येक पोराच्या हातनं एकेक बाण तरी मारून घेतो की!" एवढा हसरा चेहरा मी त्यांचा पूर्वी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या मीटिंगमध्ये प्रश्न आला, थीमच्या वर्कशीटला वेळ कुठून काढायचा? बाईंनी वेळापत्रकावर लाल पेन फिरवलं आणि खेळाचे तास काढून टाकले. धनुष्य गेलं ऑफिसमधल्या काचेच्या कपाटात. वर चिठ्ठी लागली: 'थीमचे बोधचिन्ह. हात लावू नये.'

* * *

गणितापासून सुरुवात करते, म्हणजे मी फक्त दुसऱ्यांनाच हसते असं कुणी म्हणायला नको.

आठवीला गणित घातलं. 'एका तिरंदाजाने चाळीस बाण मारले. त्यांपैकी तीस लक्ष्याला लागले. शेकडा प्रमाण काढा.' सगळ्या माना खाली गेल्या, एक सोडून. रेणुकाची. तिचे वडील हायवेच्या पलीकडे मेंढरं राखतात.

"बाई, ऱ्हायलेलं धा बान कुटं गेलं?"

"अगं, ते गणितात विचारलेलं नाही."

"पर तितं कुनाची शेरडं चरत असली तर?"

झालं! सगळा वर्ग त्या दहा बाणांच्या मागं लागला. तास संपेपर्यंत आम्ही मैदानाला कुंपण घातलं, शेरडं अलीकडे हाकलली, बाण वेचायला दोघांना पाठवलं. शेकडा प्रमाण तेवढं राहिलं. ते रेणुका दुसऱ्या दिवशी घरून सोडवून घेऊन आली.

"बाई, पंच्याहत्तर टक्के. आनि आबा म्हनले, पंच्याहत्तर टक्केवाल्याला आमच्या रानाकडं येऊ देऊ नका!"

* * *

मराठीच्या सरांनी पत्रलेखनाला विषय दिला, 'धनुष्याचे बाणास पत्र'. बहुतेकांनी 'चि. बाणास अनेक आशीर्वाद' लिहून खाली शाळेचा पत्ता टाकला. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं:

'तू गेल्यापासून एक फोन नाही. तुला लांब जाता यावे म्हणून मी किती वाकलो, ते तुला माहीत आहे. पुण्याला पोहोचला असशील. जेवण वेळेवर कर. दिवाळीला तरी ये.'

सरांनी दहापैकी दहा दिले. नियमाप्रमाणे अर्धा मार्क तरी कापायचा असतो, म्हणून मी विचारायला गेले, तर सर व्हरांड्यात उभे होते. पुण्याला मुलाला फोन लावत होते.

* * *

विज्ञानाला शेख मॅडम. ऊर्जेचा धडा त्यांनी फळ्यावर सुंदर चित्र काढून शिकवला, कारण खरं धनुष्य मागितलं तर बाईंनी लेखी अर्ज द्यायला सांगितलं होतं. घटक चाचणीत प्रश्न आला, 'ताणलेल्या धनुष्याची ऊर्जा कोठे साठवलेली असते?'

निम्म्या वर्गाचं उत्तर एकच, 'ऑफिसमधल्या काचेच्या कपाटात.'

शेख मॅडम पेपरचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आल्या. "नंबर काटूं तो कैसा काटूं, बोलो? सच्चीच तो लिखे बच्चे!"

* * *

कलेच्या तासाला लक्ष्याचे गोल काढायचं ठरलं आणि दोन दिवसांत आजूबाजूच्या दुकानांतला लाल रंग संपला. पालकांच्या ग्रुपवर बोंब उठली. तेव्हा एका पालकानं, त्यांच्या घरी चादरींचे माग आहेत, कळवलं, "रंग कशाला? मी विणूनच देतो." आणि खरंच, आठ दिवसांत त्यांनी लाल, निळ्या, पिवळ्या गोलांची अस्सल सोलापुरी चादर आणून दिली! गोल जरा पायऱ्यापायऱ्यांचे झाले होते, पण काय देखणी! गड्डम सर तर त्या चादरीभोवती दोनदा फिरले. गवताच्या पेंढ्यांवर ही ताणून बांधली की झालं लक्ष्य तयार, म्हणाले.

"एवढ्या सुंदर कामाला भोकं पाडायची?" मोठ्या बाईंनी छातीवर हात ठेवला.

चादर फ्रेम करून बाईंच्या खुर्चीमागे लागली. ते पालक त्यानंतर मला भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, आमच्या चादरीवर लोक आजवर झोपलेत, रडलेत, बाळंत झालेत. पण तिला हात लावायला भ्यालेलं कुणी बघितलं नव्हतं!"

* * *

दिवाळीनंतर गड्डम सरांनी अर्ज दिला. प्रत्येक मुलाला एक बाण मारू द्यावा, एवढंच. अर्ज तीन वेळा परत आला. पहिल्यांदा पालकांची संमती हवी, दुसऱ्यांदा मैदानाचा नकाशा हवा, तिसऱ्यांदा नकाशावर उत्तर दिशा हवी. सरांनी सगळं जोडलं. चौथ्यांदा शेरा आला, 'परवानगी आहे. मात्र बाण न वापरता.'

सर ऑफिसात गेले. "बाई, बाण न लावता दोरी सोडली तर धनुष्य मोडतं."

"मग धनुष्यही नको," बाई म्हणाल्या. "सेफ्टी फर्स्ट!"

तर अशा रीतीनं आमच्या मैदानावर साठ मुलं रांगेत उभी राहिली, डावा हात लांब केला, उजव्या हातानं हवा ओढली आणि सोडली. गड्डम सर शिट्टी वाजवत होते. आमचे शिपाई मलप्पा मामा, मूळचे दुधनीचे, बोलण्यात निम्मं कानडी, घंटेचा हातोडा हातात धरून बराच वेळ बघत राहिले.

"एन् सर, पोरं काय करायलीत?"

"बाण मारायलीत, मामा."

मामांनी मैदानाच्या त्या टोकापर्यंत नजर टाकली. "मंग लागला का कुनाचा?"

"सगळ्यांचाच लागला की! एकाचा पण चुकला नाही."

बाईंनी साठच्या साठ जणांना 'अचूक नेमबाजी'चं प्रमाणपत्र दिलं. फोटो काढला. त्या दिवशी गड्डम सरांनी डबा उघडलाच नाही. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, पण प्रमाणपत्रांवर नावं माझ्याच अक्षरात होती. अक्षर बरं असलं की हे असं होतं.

* * *

मार्चमध्ये बाईंनी पुढच्या वर्षाची थीम जाहीर केली, जलतरण. आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. मलप्पा मामांनी फक्त विचारलं, "त्येची बी हवाच ओढायची ना?"

* * *

आणि आता तो एप्रिलचा दिवस. मेमध्ये सुट्टी, म्हणजे गड्डम सरांचा मुलांबरोबरचा शेवटचा महिना, आणि उपक्रमाची तपासणी करायला आलेले साहेब. हॉलमध्ये आठवीनं सादरीकरण केलं. रेणुका धडाधडा बोलली. धनुष्याचे भाग, ऊर्जा, कोन, वाऱ्याची दिशा, शेकडा प्रमाण. कुठं अडखळली नाही. मोठ्या बाई तिच्याबरोबर ओठ हलवत होत्या.

"शाब्बास!" साहेब खूश झाले. "आणि आत्तापर्यंत बाण किती मारलेस?"

"एक बी न्हाय, सर."

"का गं?"

रेणुकाला प्रश्नच कळेना. "थीम हाय न्हवं!"

साहेबांनी हातातली फाइल मिटली आणि उभे राहिले. "चला, एक बाण तर बघू या."

बाईंनी पर्समध्ये कपाटाची किल्ली शोधायला जो वेळ लावला, त्यात माझा एक तास झाला असता. गड्डम सरांनी धनुष्य हातात घेतलं, फडक्यानं पुसलं, दोरी चढवली, तीनदा ओढून बघितली. मैदानाच्या कोपऱ्यात नव्या खोल्यांचं बांधकाम अडलेलं आहे, तिथं वाळूचा मोठा ढीग. त्याच्यापुढं गवताच्या पेंढ्या रचून त्यांनी कागदाचं लक्ष्य लावलं. मग सगळी शाळा मागं घेतली, साहेबांच्या ड्रायव्हरलाही हाकललं. रेणुकाच्या शेजारी उभं राहून तिचं कोपर वर केलं.

"श्वास धर. ओढ. आणखी. गालापर्यंत आण. घाई नको, बाळ."

रेणुकानं ओढलं. उन्हात तिच्या कपाळावर घाम आला होता. पुढच्या क्षणी दोरी वाजली आणि बाण लक्ष्याच्या हातभर वरून जाऊन मागच्या वाळूच्या ढिगात घुसला.

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेब सरांजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "सर, नेम चुकला की हो तिचा."

गड्डम सर वाळूकडेच बघत होते. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"नेमाचं राहू द्या, साहेब. सुटला की!"