हौसाक्काची घागर घासली कुणी?

थांबा, दुसरं काही वाचू नका, आधी हे वाचा! वकीलसाहेब जेवायला घरी गेलेत, भोरच्या ऑफिसात मी आणि टाईपरायटर दोघंच. ते परत यायच्या आत सांगून टाकायचंय, न्हाईतर माझं पोट फुटेल. आत्ताच ड्रॉवरमधनं एक कागद निघालाय... पण तो शेवटी. चुका सांभाळून घ्या, बोटं लई पळतायत.

भुतंखेतं, अंगात येणं, लिंबू-मिरची — मी कध्धी मानलं न्हाई. तीन वाटांच्या तिकाटण्यावर उतरून टाकलेला नारळ फोडून खाल्लेला माणूस आहे मी! पण परवाचं भरदिवसा झालं. अख्ख्या गावासमोर.

आमचं गाव वेल्ह्याच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याशी. भोरहून सर्व्हिस मोटारनं नसरापूर, तिथनं बैलगाडी मिळाली तर मिळाली, न्हाईतर पाय आहेतच. गावाला विहीर एकच. आमच्या खालच्या आळीला तिच्यावर चढायची बंदी होती. वरच्या आळीतलं कुणी दया येऊन ओतील तेव्हा पाणी. आठ वर्षांमागं गावानं बसून ठरवलं, विहीर सगळ्यांची. मुहूर्त पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि पहिली घागर काढणार आमची हौसाक्का.

हौसाक्का म्हंजे शेजारच्या कोंडामावशीची एकुलती एक लेक. मला पाठीला भोपळा बांधून नदीत पोहायला तिनंच शिकवलं. सारखी हसायची. त्या सकाळी मायलेकींचं वाजलं. पाडव्याच्या अंघोळीचं पाणी तापवून तांब्याची घागर काळीठिक्कर झाली होती.

"अगं, सारं गाव बघणार! चिंच लावून घास की ती!"

"आल्यावर घासते गं!" म्हणून ही पळाली पण.

मावशी मागनं वरडली, "भवाने, घासल्याबिगर तोंड दावू नगंस मला!"

ज्यांना विहीर खुली व्हायला नको होती, त्यांनी आधीच काठाच्या कपारीत दगडखाणीतली सुरुंगाची दारू ठासून ठेवली होती. अक्कानं दोर सोडला आणि कुणीतरी वात पेटवली. अक्का गेली. घागर विहिरीत गेली. पुन्हा कुणी तिकडं फिरकू नये, अशी दहशत बसावी, एवढ्यासाठी केलं होतं ते. माणसं पकडली, शिक्षा झाली.

फिरकू नये म्हणे! दुसऱ्या साली अख्खं गाव फिरकलं! तेव्हापासनं दर साली त्या दिवशी वरच्या आळीनं खालच्या आळीच्या ओंजळीत पाणी ओतायचं, खालच्यांनी वरच्यांच्या. फुटका काठ बांधला न्हाई, मुद्दाम तसाच ठेवलाय. आदल्या दिवशी गुढीला घातलेल्या साखरेच्या गाठ्या प्रत्येक घरानं आणून त्या फुटक्या दगडाला घालायच्या, मग पोरांनी त्या कडाकडा खायच्या. रडायचं न्हाई असा गावाचा ठरावच आहे. हौसाक्काला रडकं तोंड आवडत नव्हतं.

फक्त कोंडामावशी लांब वडाखाली बसून बघायची. आठ वर्षं तिनं त्या विहिरीचा थेंब तोंडात घेतला न्हाई, पाणी ओढ्याचंच. कुणी आग्रह केला की म्हणायची, "शेवटचा शब्द वंगाळ बोलले लेकीला. कुठल्या तोंडानं पिऊ?"

तर यंदा. पहिली घागर कुणाची यावरनं दर साली दोन्ही आळ्यांत भांडण, म्हणून म्या शहाण्यानं ऑफिसात बसून घरांची यादीच टाईप करून नेली. पहिला नंबर कोंडामावशीचा, निदान पाणी तरी काढेल म्हणून. वरच्या आळीचे रावजीतात्या यादी घेऊन काठावर उभे राहिले, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "एक नंबर... हौसा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"ह्ये काय लिवलंस रं?"

म्या कागद बघितला. खरंच हौसा! घाईनं म्हणालो, "टायपात चूक झाली, तात्या."

"खोडा मग," मागनं कुणीतरी म्हणालं.

वडाखालनं मावशीचा आवाज आला. "खोडू नगा. एकदा खोडलंय तिला."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यादीत हाय म्हंजे तिचाच नंबर. सोड दोर."

"पण तात्या, घागर?"

"तिची तिच्यापाशी हाय."

म्या नुसताच फासा करून दोर सोडला. जरा वेळ धरायचा आणि वर घ्यायचा, एवढंच मनात. आणि दोर जड झाला! ओढला तर येईना.

"ओढ की रं टायपिस्ट, बोटं झिजली का काय?" तात्यांनी टोमणा मारला, मग स्वतःच हात लावला.

वर आली घागर. काठोकाठ भरलेली, फासा गळ्याशी घट्ट. आणि लखलखीत! ऊन पडलं तर डोळे दिपले. घागरीच्या काठावर कासारानं ठोकलेलं नाव — हौसा.

ऐका, गेल्या साली गाळ काढला तेव्हा मी स्वतः तळाला उभा होतो. खालचा खडक चाचपलाय. घागर नव्हती!

मावशी उठली. आली. घागर फिरवून फिरवून बघितली. बुडावरनं बोट फिरवलं, काजळी न्हाई. नाकाशी नेली... आणि अशी हसली, अशी हसली!

"घासलीस व्हय गं एकदाची! आठ वर्सं लावली भवानीनं!"

चिंचेचा वास मलापण आला, शप्पथ.

मग तिनं ओंजळ धरली आणि तात्यांनी ओतलं. घटाघटा प्याली. तोंड पुसून आमच्यावरच डाफरली, "एवढं गार पानी हाय, आन मला कुनी सांगितलं न्हाई व्हय रं?" झालं! गाव हसून लोळायचं बाकी होतं. पोरांनी तात्यांना नखशिखांत भिजवलं.

वकीलसाहेब म्हणतात, कुणीतरी घागर लपवली असेल, मग टाकली असेल. असेल. पण सकाळपासनं काठावरनं माणूस हलला नव्हता. आणि फाशात कुणी अडकवली?

आता तो कागद. यादी टाईप करताना खाली कार्बन घातला होता, त्याची कॉपी आज ड्रॉवरमध्ये सापडली. त्याच वेळी, त्याच बोटांनी उमटलेली. तिच्यावर एक नंबरला स्वच्छ लिहिलंय — कोंडाबाई.

काल सकाळी गावातनं निघालो, तर मावशी त्याच घागरीनं विहिरीचं पाणी भरत होती. घासून.

वकीलसाहेबांच्या वहाणा जिन्यात वाजल्या! पटकन सांगा मंडळी, तुमच्यातलं कुणी "आल्यावर करते" म्हणून गेलं, आणि खरंच येऊन ते काम करून गेलं का हो?