दादांची पिकअप, शिरीषदादाची वायर आणि मधे मी

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. मराठी शाळा सातवीत सुटली, कारण आम्ही साताऱ्याहून ओटावाला आलो. इथली शाळा अकरावीत मीच सोडली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा, आणि मोठे शब्द शोधू नका, ते माझ्याकडे नाहीत. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "तेजस, तू बोलत तर नाहीसच, निदान लिही तरी!" म्हणून बसलो.

लिहायला मात्र भरपूर आहे. मी टायरच्या दुकानात राबलेला माणूस. थंडी आली की सगळं गाव विंटर टायर बसवायला धावतं आणि आमच्या मागच्या अंगणात काढलेल्या टायरांचा डोंगर होतो. किस्स्यांचंही तसंच आहे. एक उचलायला जावं तर चार गडगडत अंगावर येतात.

दुकान देशमुखदादांचं. दादा नागपूरचे, आवाज मोठा, गाडी त्याहून मोठी. डिझेलची पिकअप. शनिवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढलं की आत आमचा अड्डा बसतो. समोरच्या पार्टीत शिरीषदादा. तो पुण्याचा, ओटावाच्या कनाटा भागात सॉफ्टवेअरमध्ये, आणि इलेक्ट्रिक कारचा भक्त. मधे भावेकाका, रिटायर्ड प्रोफेसर. ज्याने समोसे आणले असतील त्याच्या बाजूने बोलतात. विषय वर्षानुवर्षं एकच. पिकअप भारी की इलेक्ट्रिक?

दादा इलेक्ट्रिकला गाडी म्हणतच नाहीत. "वायरवाली" म्हणतात.

आणि मी? मी गप्प बसून हसायचो. पण गेलं वर्षभर मी एक गोष्ट लपवून हसत होतो. मला दादांचं दुकान सोडून स्वतःचं काम सुरू करायचं होतं. लोकांच्या घरी जाऊन टायर बदलायचं. त्यासाठी जी गाडी मी ठरवली होती ती होती छोटी इलेक्ट्रिक व्हॅन. शाळा सोडली तेव्हा ज्या माणसाने काही न विचारता हातात पाना दिला, त्याला सांगायचं की मी चाललो, आणि तेही वायरवालीत बसून! कसं सांगणार?

* * *

शिरीषदादाच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. जानेवारी महिना. चार-पाच तासांवर टोरांटोत, नॉर्थ यॉर्कला नातेवाइकांकडे जेवायला जायचं ठरलं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून शिरीषदादाने हीटर बंद ठेवला.

"आई, सीट गरम होते ना? मग झालं तर!"

सीट गरम, बाकी सासूबाई गार. मागून त्याचा मुलगा म्हणाला, "डॅड, इज धिस अ कार ऑर अ फ्रिज?" वाटेत किंग्स्टनला चार्जिंगला थांबले तर तिथे लाईन. सगळे जॅकेट, टोपी, ब्लँकेट घेऊन बसलेले. शेवटी नॉर्थ यॉर्कला पोचले. यजमान म्हणाले, "कोट काढा ना!" सासूबाई म्हणाल्या, "थोडी गरम होते, मग काढते." आणि कोट घालूनच जेवल्या.

दुसऱ्या दिवशी शिरीषदादाने विचारलं, "आई, गाडी कशी वाटली?"

"छान आहे हो. आवाज नाही, धूर नाही. दारात उभी असते तेव्हा तर फारच छान दिसते!"

परत येताना त्या ट्रेनने आल्या.

हा किस्सा शिरीषदादा स्वतःच सांगतो, ही त्याची चांगली गोष्ट आहे. दादांना तो पाठ आहे, तरी दर हिवाळ्यात त्याला पुन्हा सांगायला लावतात.

* * *

पण दादाही एकदा सापडले.

कडाक्याच्या थंडीत डिझेलचं इंजिन सकाळी सुरू होत नाही. म्हणून पुढून एक वायर काढून घराच्या प्लगला लावून ठेवतात, इंजिन रात्रभर कोमट राहतं. एका सकाळी शिरीषदादा दादांच्या घरावरून जात होता. बघतो तर पिकअपच्या नाकातून वायर निघालेली, थेट भिंतीत! त्याने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "दादा, आमच्यात स्वागत आहे!"

शनिवारी दादा लालबुंद.

"ती वायर गाडी चालवायला नाही बे, गाडी उठवायला आहे!"

"आमची निदान आपली आपण उठते, दादा!"

त्या दिवशी समोसे शिरीषदादाने आणले होते. भावेकाका म्हणाले, "देशमुख, पुरावा स्पष्ट आहे."

* * *

पिकअप असण्याचं एक दुःख असतं. दादा म्हणतात, "पिकअप घेतल्यापासून मित्र फार झाले, आणि एकेकाकडे दोन-दोन सोफे!"

महिनाअखेर आली की लोक घर बदलतात, आणि दादांचा फोन वाजायला लागतो. आधी तब्येतीची चौकशी, मग वहिनींची, मग हळूच, "दादा, संध्याकाळी फ्री आहात का?" दादा शिव्या घालतात आणि जातात. सोबत मी.

एकदा एका नव्या जोडप्याची गादी न्यायची होती. हायवेवर आम्ही दोघंच. दादा खुशीत. मला वाटलं, आत्ता सांगावं.

"दादा, एक बोलायचं होतं."

"बोल ना बे."

"मी काय म्हणतो..."

तेवढ्यात मागून फडफड ऐकू आली. एक पट्टा सुटला होता आणि गादी शिडासारखी उभी राहिली होती! दादांनी गाडी कडेला घेतली. मी धावत मागे गेलो, गादीवर आडवा झालो आणि पट्टा ओढून धरला. वाऱ्याने टोपी उडाली ती परत मिळाली नाही. दोघांनी मिळून गादी बांधली. धापा टाकत गाडीत बसलो. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"तू होता म्हणून निभावलं. तुझ्याबिगर माझं काय होईल रे? हं, तू काय म्हणत होता?"

"काही नाही. टोपी गेली."

* * *

भावेकाकांनी नवीन गाडी घेतली तेव्हा दोन्ही पार्ट्यांनी महिनाभर प्रचार केला होता. शेवटी काकांनी इलेक्ट्रिक घेतली. शिरीषदादाने पेढे वाटले, जणू घरात बाळ आलं. दादा म्हणाले, "प्रोफेसर गेला हातातून!"

ड्राइव्हवेत काकूंनी पूजा केली. साग्रसंगीत. हळद, कुंकू, अक्षता, हार. गाडीच्या कपाळावर, म्हणजे नाकाच्या बरोबर मधे, अंगठ्याएवढा टिळा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका आत बसले, आणि स्क्रीनवर मेसेजच मेसेज! पुढचं दिसत नाही, कॅमेरा झाकला गेला आहे, हे बंद, ते बंद. काका घाबरले. कंपनीला फोन लावला.

तिकडून बाईंनी विचारलं, "सर, कॅमेऱ्यावर नक्की काय आहे? बर्फ? चिखल?"

काकांनी चाळीस वर्षं इंग्रजीत शिकवलं आहे. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "इट इज माय वाइफ."

शिरीषदादा रुमाल घेऊन पुढे झाला. काकू आडव्या आल्या.

"खबरदार! नव्या गाडीचं कुंकू कोणी पुसतं का?"

"काकू, पण त्याच्याखाली तिचा कॅमेरा आहे. म्हणजे डोळाच म्हणा ना."

काकूंनी वाकून बघितलं आणि आमच्यावरच उखडल्या. "अरे, मग आधी सांगायचं नाही का? डोळ्यात कुंकू गेल्यावर कोणाला दिसणार आहे?" मग स्वतःच कोमट पाणी आणून, बाळाचे डोळे पुसावे तसा कॅमेरा हळुवार पुसला आणि टिळा बॉनेटवर लावला.

दादा माझ्या कानात म्हणाले, "माझ्या पिकअपवर हळदीचं पोतं ओत. ती बघणार पण नाही!"

* * *

या वर्षी मोठं वादळ आलं. झाडं पडली, तारा तुटल्या, अर्ध्या ओटावाची लाईट गेली. दादांच्या घरी अंधार, शेगडीही विजेची, त्यामुळे चहा नाही. चहा नसलेले दादा फार वाईट असतात.

शिरीषदादाच्या गाडीच्या बॅटरीतून मात्र वीज बाहेर काढता येते. त्याने गॅरेजमध्ये गाडी उभी केली, वायर जोडली, इंडक्शनवर पातेलं ठेवलं. आल्याचा वास गल्लीभर. मी तिथेच होतो, कारण व्हॅनबद्दल फक्त त्याला माहीत होतं आणि आम्ही तेच बोलत बसलो होतो.

एवढ्यात पिकअप येऊन थांबली. दादा उतरले. पातेल्याकडे बघितलं, मग वायरकडे, मग गाडीकडे.

"चहा इलेक्ट्रिक आहे का?"

"हो, दादा."

"मग अर्धाच दे."

असे तीन अर्धे झाले. शिरीषदादाच्या पोटात काही राहत नाही. तो म्हणाला, "दादा, जमाना बदलतोय. कोण कधी आमच्यात येईल सांगता येत नाही." आणि सरळ माझ्याकडे बघितलं!

मी घाईने उकळता चहा तोंडात घेतला. दोन दिवस चव कळत नव्हती.

* * *

शेवटी ऑक्टोबरमध्ये व्हॅन आली. गर्दी अजून सुरू व्हायची होती. मी वॉशरूमच्या आरशासमोर उभं राहून वाक्यं पाठ केली. शनिवारी व्हॅन मागे लपवली नाही. दुकानाच्या तोंडाशी, शटरसमोर आणून लावली, म्हणजे मलाच पळता येऊ नये.

अड्डा बसला होता. दादा बाहेर आले. व्हॅनभोवती एक चक्कर मारली. मागचं दार उघडं होतं. आत जॅक, कंप्रेसर, पाने, सगळं नीट बांधलेलं.

"कोणाची आहे बे ही?"

"माझी."

भावेकाकांचा समोसा तोंडापाशी थांबला.

"वायरवाली?"

"हो." आणि मग मी एका दमात बोललो. "दादा, मी स्वतःचं काम सुरू करतोय. लोकांच्या घरी जाऊन टायर बदलणार. कॉन्डो बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवता येत नाही, म्हणून इलेक्ट्रिक घेतली. कंप्रेसर हिच्याच बॅटरीवर चालतो. तुमचं एकही गिऱ्हाईक नेणार नाही. माझ्या जागी माणूस शोधून देतो, शिकवून देतो, मग जातो. तुम्ही म्हणाल तेव्हा जातो."

दादांनी कंप्रेसरची नळी हातात घेऊन बघितली.

"मी म्हणेन तेव्हा? मी तर कधीच 'जा' म्हणणार नाही बे."

दादांनी पायाने एक टायर दाबून बघितला. हवा बरोबर होती.

"पहिलं गिऱ्हाईक कोण?"

"अजून कोणी नाही."

"आहे. सोमवारी सकाळी सातला माझ्या घरी ये. पिकअपला विंटर टायर चढवायचे आहेत. आणि उशीर नको करू. मला दुकान उघडायचं आहे, माझा एक माणूस सोडून गेला!"

एवढं बोलून ते आत गेले आणि शटर पूर्ण वर ढकललं.

सोमवारी सकाळी सातच्या आधीच पोचलो. काचांवर दव गोठलं होतं. दादा जॅकेट घालून ड्राइव्हवेत उभे.

"व्हॅन रस्त्यावर लाव. वायरवाली माझ्या दारात नको, शेजारी काय म्हणतील!"

वहिनी दार उघडून बघत होत्या. "अहो, आपलं दुकान बंद झालं का?"

"होम सर्व्हिस आहे. तू जा आत."

मी व्हॅन रस्त्यावर लावली, जॅक आणला, कंप्रेसरची नळी ओढली. दादा मागे उभे राहून सांगायला लागले, जॅक इथे लाव, तो नट आधी सैल कर, अरे असं नाही. दुकानात असं गिऱ्हाईक आलं की आम्ही त्याला एकच वाक्य सांगतो. ते दादांनीच शिकवलं आहे.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, तुम्ही आत बसून कॉफी घ्या. झालं की बोलावतो."

दादा आत गेले. मी पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली.