तिकडं उमटतं का?

लग्न होऊन मी शिरूरला आले आणि वर्षभरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नोकरीला लागले. दोन हजार तीन-चारची गोष्ट. सकाळी पोरांना शिकवायचं आणि दुपारी क्लासच्या मालकांनी काढलेली वेबसाइट सांभाळायची. साइट म्हणजे शिरूर आणि दौंड तालुक्यांची माहिती: आठवडी बाजार, एसटीच्या वेळा, गावोगावच्या जत्रा.

मालकांचं एकच पालुपद असायचं. माणूस पानावर येतो आणि लगेच पळतो, त्याला गुंतवून ठेवा. मग मी एकेक खेळ मांडत गेले. किती जण आले ते दाखवणारा आकडा लावला. बाजार शिरूरचा भारी की दौंडचा, यावर मतदान ठेवलं. त्यावरून पाबळचा एक जण आणि राहूचा एक जण अभिप्रायाच्या पानावर महिनाभर भांडले आणि मालक बेहद्द खूश झाले.

माझा लाडका खेळ मात्र वेगळा होता. पान उघडलं की आधी नाव विचारायचं. नाव टाकलं की चौकट यायची, 'या, अमुक अमुक, बसा. बरं आहे ना?' खाली ओके आणि कॅन्सल अशी दोन बटणं. ओके दाबलं की पुढचं पान उघडायचं. कॅन्सल दाबणारा निघायच्या बेतात असणार, म्हणून त्याला सोडायचंच नाही, पान नव्यानं उघडून पुन्हा पहिल्यापासून नाव विचारायचं, अशी मी हुशारी केली होती. दारात आलेल्या माणसाला आपण जे विचारतो तेच मी पानाला शिकवलंय, याचा मला केवढा तोरा होता.

माझे वडील दौंडला असायचे, रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून रिटायर झालेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. माणूस अबोल. माझा फोन आला की रिसीव्हर आईच्या हातात देऊन मोकळे व्हायचे. दिवाळीला गेले तेव्हा मी त्यांना स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत नेलं आणि पान उघडून दिलं. त्यांनी एका बोटानं, इंग्रजी अक्षरं शोधत शोधत, 'आबा' असं टाइप केलं. चौकट आली. 'या, आबा, बसा. बरं आहे ना?' ते चक्क हसले. ओके दाबलं आणि थोड्या वेळानं मला विचारलं, "हितनं दाबलं का तिकडं तुझ्याकडं उमटतं का?"

माझं लक्ष घड्याळाकडं होतं. शिरूरची एसटी चुकली असती तर संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती. मी म्हणाले, "व्हय आबा, सगळं उमटतं."

माझ्या मनात होता तो आकडा. कोणी आलं की तो एकानं वाढायचा. पान कधी आणि कुठल्या मशीनवरून उघडलं, एवढंच मला शिरूरला दिसायचं; टाकलेलं नाव किंवा दाबलेलं बटण नाही. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती.

त्या हिवाळ्यात आमच्या साइटला एक पक्कं गिऱ्हाईक मिळालं. दर मंगळवारी, अकराच्या सुमारास, एकाच मशीनवरून पान दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा उघडलं जायचं. मी मालकांना त्या नोंदी दाखवल्या. कोणी तरी अडत्या असेल, असा आमचा तर्क. मालकांनी सगळ्या क्लाससमोर माझं कौतुक केलं, माणूस धरून ठेवायचा तो असा, म्हणून. मीही मान खाली घालून ते ऐकून घेतलं, मनातून फुगून.

उन्हाळ्यात आबा गेले. सकाळी चहा पिता पिता कोसळले. छातीचं दुखणं कित्येक महिन्यांचं असणार, असं डॉक्टर म्हणाले. आईला पत्ता नव्हता. तिनं विचारलं की ते 'बरंय' म्हणायचे आणि अंगणात जाऊन बसायचे. मला त्यांचा भयंकर राग आला. एक शब्द बोलायला काय जात होतं, असं मी तेराव्यापर्यंत भेटायला येईल त्याला ऐकवत होते.

तेरावं झाल्यावरच्या शुक्रवारी, दुपारची नमाज आटोपून, कॅफेवाले भाई भेटायला आले. आबा दर मंगळवारी त्यांच्याकडं जायचे, हे मला त्यांच्या तोंडून कळलं. मंगळवार म्हटल्यावर मला त्या नोंदी आठवल्या. आई आत चहा करत होती. भाई हळू आवाजात सांगत होते.

"सवाल आला का आबा कॅन्सल दाबायचे. मी म्हणलं, आबा, ओके दाबा, पान फुडं जाईल. तर म्हणले, खोटं कशाला दाबू? बरं न्हाई मला. पोरीकडं उमटतंय ते."

दवाखान्यात चला, म्हणून भाईंनी दोनदा रिक्षासुद्धा थांबवली होती. आबांनी नकार दिला. पोरीला कळवलंय, ती येईल, तिच्यासंगं जाईन, असं म्हणाले होते.

केबिनमध्ये घंटी दिली आणि पुढच्या केबिनकडून उलट घंटी आली नाही, तर पुन्हा द्यायची. आबांनी नोकरीभर हेच केलं होतं. ते कॅन्सल दाबायचे, माझं पान त्यांना पुन्हा नाव विचारायचं, पुन्हा बसा म्हणायचं, बरं आहे ना म्हणून पुन्हा विचारायचं. आणि ते पुन्हा नाही म्हणायचे. दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा. माझा बाप मला हाक मारत होता आणि मी त्या हाका मोजून मालकांना दाखवत होते.

शिरूरला परतल्या दिवशीच मी ती चौकट काढून टाकली. येणारे कमी झाले. मालक चार दिवस कुरकुरले, मग त्यांनीही नाद सोडला.

आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. भाईंनाही सांगू दिलं नाही. आबांचा विषय निघाला की ती आजही त्यांच्यावर चिडते. म्हणते, "मला न्हाई तर न्हाई, पण तुला तरी एका शब्दानं कळवायचं का न्हाई त्यांनी?"

मी म्हणते, "कळवायला पाहिजे होतं."