नणंदेचा चष्मा

मानसोपचारतज्ज्ञांच्या बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर दोघी बसल्या होत्या. सुमनबाई चाळिशीचा चष्मा घरी विसरल्या होत्या, म्हणून त्यांची थोरली नणंद प्रश्नावली वाचून त्यांच्या वतीने खुणा करत होती. वाचत होती तीही भिंतीवरच्या सोनेरी चौकटीतल्या पदव्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"गेल्या दोन आठवड्यांत झोप लागायला त्रास झाला?"

"कधीच नाही, वन्सं."

"विनाकारण रडू आलं?"

"कधीच नाही."

"अगं, मग आपण इथे काय हवा खायला आलोय?"

मनाची मोजपट्टी बनवणारी माणसं हुशार असतात. दुःखाला त्यांनी शून्य ते तीन गुण ठेवले आहेत. पण नणंदेदेखत सांगायचं दुःख नेहमी शून्यच भरतं, हे त्या पट्टीला कसं कळावं? 'कशी आहेस?' असं कुणी विचारलं की 'बरी आहे' म्हणायचं, एवढं आपल्याकडच्या मुली पाढ्यांच्या आधी शिकतात.

"आवडत्या गोष्टींत मन लागत नाही, असं होतं?"

सुमनबाई नणंदेकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "वन्सं, मला काय आवडायचं हो?"

नणंदेचं पेन कागदावर तसंच थांबलं. इतक्या वर्षांत तिलाही ते ठाऊक नसावं. तिने स्वतःचा चष्मा उतरवला, पदराने पुसला आणि भावजयीच्या हातात दिला.

"घे, तुझं तू लिही. मी खाली चहा पिऊन येते."

ती गेल्यावर सुमनबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या प्रश्नापासून एकेक 'कधीच नाही' खोडायला घेतलं.